आधी चरवी उपडी कर

मगदूम मॅडमनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या नावावरून. कोल्हापुरातल्या त्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची जागा होती आणि मी मुलाखतीला गेले होते.

"नाव काय?"

"सुरेखा."

"कशावरून?"

माझं नाव सुरेखा आहे हे सिद्ध करायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. शेवटी चाचरत म्हणाले, "घरात सगळे तसंच म्हणतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, "म्हणजे ऐकीव माहिती," असं पुटपुटल्या आणि सोमवारपासून यायला सांगितलं. बाहेर पडल्यावर मला प्रश्न पडला की नोकरी मिळाली की चौकशी सुरू झाली. पुढच्या सगळ्या वर्षांत मला त्याचा नीट उलगडा झाला नाही.

डॉ. महादेवी मगदूम मूळच्या गडहिंग्लजच्या. ठेंगणी मूर्ती, इरकल साडी, त्यावर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात एक भिंग, जे त्या लॅबपेक्षा बाजारात जास्त वापरायच्या. लग्न केलं नव्हतं. स्थळं आली होती म्हणे. पत्रिका जुळतेय असं सांगायला आलेल्या मध्यस्थालाही त्यांनी तोच "कशावरून?" ऐकवला असणार आणि तो बिचारा चहा न घेता गेला असणार, असा आमचा लॅबमधला अंदाज होता.

त्यांच्या संशयाला लहान-मोठं कळत नसे. तिखट करायचं तर मिरच्या-मसाला घेऊन स्वतः डंकावर जायच्या आणि चटणी कुटून डब्यात भरेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत, मग शिंकांनी जीव का जाईना. गुळाची ढेप घेतली की तिचा एक खडा आमच्या काचेच्या नळीत विरघळायचा आणि दुकानदाराचं भवितव्य तिथं ठरायचं. गडहिंग्लजच्या एसटीत बसायच्या आधी पाटी वाचायच्या, मग कंडक्टरला विचारायच्या, मग आत बसलेल्या एखाद्या बाईला विचारायच्या. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "अवो पाटी दिसत न्हाय व्हय?" तर म्हणाल्या, "पाटी काल कुठल्या गाडीला होती ते मला काय माहीत?" तिघांचं जुळल्याशिवाय त्या पायरीवर पाय ठेवत नसत.

हे सगळं विक्षिप्त वाटेल. पण आमचं कामच तसं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे यायचा. तो आम्ही मेणात बसवायचो, त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. त्याचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ काप काढून काचेवर चढवायचे, रंगवायचे, आणि मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून सांगायच्या, साधी गाठ की कॅन्सर. एवढ्याशा तुकड्याची अदलाबदल झाली तर एका घरावर आभाळ कोसळणार आणि दुसरं घर गाफील राहणार. म्हणून नियम असा होता की ब्लॉकवरचा नंबर एकीनं मोठ्यानं वाचायचा आणि काचेवरचा दुसरीनं. शाळेत पाढे म्हणतात तसं आमचं दिवसभर चालायचं. "हा नियम मलाही लागू," असं मॅडम म्हणायच्या. म्हणायच्या खऱ्या.

आता दूधकट्ट्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दूध ग्लासात घालून हातात देतात. डोळ्यांदेखत म्हशीच्या सडातनं आलेल्या दुधावर या गावात कुणी संशय घेत नाही. मॅडम घ्यायच्या. मल्लू गवळी चरवी घेऊन म्हशीजवळ बसला की त्या म्हणायच्या, "मल्लू, आधी चरवी उपडी कर."

म्हणजे चरवीत आधीच पाणी घालून ठेवलेलं नाही ना, ते दाखव. सगळ्या कट्ट्यादेखत. बाकीचे गवळी खो खो हसायचे आणि मल्लूचं तोंड लाल व्हायचं. पण चरवी उपडी करायचा. एखाद्या दिवशी फारच झोंबलं तर तळावर थाप मारून म्हणायचा, "बघा, तळ तरी हाय का न्हाय बघून घ्या!" मॅडम शांतपणे बघून घ्यायच्या.

मल्लूची मुलगी राजश्री लहानपणी तिथं ग्लास विसळायला असायची. मॅडमची चेष्टा करायची छाती सगळ्या गावात तिची एकटीची. "मॅडम, चरवी बघून झाली, आता म्हस बी उपडी करू का?" असं तिनं एकदा विचारलं, आणि मॅडम हसल्या. मी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर मीही पुरावा मागितला असता. राजश्रीला पुढं बिद्रीला दिली. तरी माहेरी आली की कट्ट्यावर बसायची आणि मॅडम आधी तिच्याशी बोलायच्या, मग चरवी बघायच्या.

त्या राजश्रीच्या मांडीत गाठ आली. माहेरी असताना म्हशीनं लाथ मारली होती, त्यामुळे मुका मार म्हणून घरच्यांनी तेल लावून चोळली. गाठ वाढत गेली. शेवटी सर्जननं गाठीचे काही तुकडे काढून आमच्याकडे पाठवले. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळे लावले ते बराच वेळ काढले नाहीत. मग उठल्या, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा येऊन बसल्या.

सार्कोमा होता. हाडाचा, स्नायूचा, चरबीचा जो कॅन्सर असतो तो. मुळात दुर्मीळ, आणि त्यातल्या काही जाती तर इतक्या दुर्मीळ आणि आडदांड की आमच्यासारख्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं दिसत नाहीत. अडचण अशी की यातल्या बऱ्याच जाती मायक्रोस्कोपखाली एकसारख्या दिसतात. लहान, गोल, निळ्या पेशी, खच्चून भरलेल्या. औषध मात्र प्रत्येकीचं वेगळं. "एका गणवेशातले चोर आहेत," मॅडम म्हणायच्या. "तोंड बघून कळत नाही. बोलतात काय ते ऐकायला पाहिजे."

ते ऐकायची सोय आता झाली आहे. जीन एक्स्प्रेशन प्रोफायलिंग म्हणतात तिला. मला मॅडमनी समजावलं ते असं. "प्रत्येक पेशीत जीन्स तीच असतात, पण सगळी एकदम बोलत नाहीत. कोण ओरडतंय, कोण कुजबुजतंय, कोण तोंडाला कुलूप लावून बसलंय, यावरून घर कसलं आहे ते भिंतीपलीकडच्या शेजारणीला कळतं की नाही? तसंच हे." ब्लॉकमधला थोडा भाग खरवडून बेंगलोरच्या एका मोठ्या लॅबला पाठवायचा. तिथलं मशीन हजारो जीन्सची बडबड एकदम ऐकतं आणि ती कुठल्या जातीच्या सार्कोमाशी जुळते ते सांगतं. अर्थात मॅडमचा मशीनवरही संशय होताच. "ते कधी 'मला माहीत नाही' म्हणतं का? मग त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा?" पण राजश्रीसाठी दुसरा मार्ग नव्हता.

"हिच्या ब्लॉकला कुणी हात लावायचा नाही," त्यांनी आम्हाला सांगितलं. काप स्वतः काढले, तुकडा स्वतः निवडला, डबी स्वतः बंद केली. मी सवयीनं नंबर वाचायला पुढं झाले तर म्हणाल्या, "तू बस तिथं. तुमच्या हातात दिलं की मला झोप लागत नाही." मी बसले. मनातून चिडले, पण बसले.

मल्लू रोज दारात येऊन उभा राहायचा. एक दिवस म्हणाला, "मॅडम, ती म्हस इकून टाकली. तिच्या लाथंनंच झालंय हे सगळं." मॅडम त्याच्यावर केवढ्यानं तरी ओरडल्या. "म्हशीचा काही संबंध नाही! मुक्या जनावरावर उगीच आळ घेऊ नकोस." आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतलेल्या बाईनं एका म्हशीला निर्दोष सोडलं, याचं मला तेवढ्या गडबडीतही नवल वाटलं.

बेंगलोरचा रिपोर्ट आला. स्नायूची जीन्स जोरात बोलताहेत, म्हणजे हा स्नायूच्या जातीचा सार्कोमा. नाव सापडलं म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्या जातीची औषधं ठरवली आणि सोमवारपासून सलाईनमधून द्यायची असं सांगितलं.

मॅडम मात्र रिपोर्ट हातात धरून येरझारा घालत होत्या. "हे जुळत नाही. पेशी स्नायूच्या वाटत नव्हत्या. स्नायूच्या पेशींनाच चढणारा रंग लावून बघितला, तो चढला नव्हता." तेव्हा त्यांनी रंगाच्या बाटलीवर संशय घेतला होता. आता सगळ्यांची पाळी आली. कुरिअरवाल्यानं डबी उन्हात ठेवली असेल. बेंगलोरवाल्यांनी दुसऱ्याच कुणाची डबी उघडली असेल. त्यांना फोन केला, "तो आमचाच पेशंट कशावरून?" तिथल्या माणसानं शांतपणे सगळं तपासून खात्री दिली. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. ब्लॉक कुठं ठेवला होता, कपाट कुणी उघडलं, मधे कोण आलं, किल्ली कुणाकडे होती. माझं टाळकं सरकलं.

"मॅडम," मी म्हणाले, "तुम्ही आम्हाला हात तरी लावू दिला होता का?"

त्या थांबल्या. मग कपाटातून राजश्रीचा ब्लॉक आणि काच काढली, काच माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाच."

मी वाचला, त्यांनी वाचला. नंबर बरोबर होता. मग काच उजेडात धरली आणि मलाच आधी दिसलं. आमच्याकडून असा तुकडा बाहेर पाठवताना आधी काचेवर पेनानं गोल काढतात. कॅन्सर नेमका जिथं आहे तिथं गोल, आणि ब्लॉकमधला तेवढाच भाग खरवडायचा, आजूबाजूचा नाही. या काचेवर गोल नव्हता. हा नियम मॅडमनीच घातलेला, आणि गोल काढायचा राहिला तर दुसरीच्या नजरेत येतं म्हणून तर आम्ही दोघी लागायचो. या वेळी दुसरी कुणी नव्हतीच.

मॅडमनी काच मायक्रोस्कोपखाली घातली. बाकीच्या तुकड्यांत मेलेल्या पेशी फार होत्या, म्हणून घाईघाईत त्यांनी कडेचा, ताजा दिसणारा तुकडा निवडला होता. तिथं गाठ मांडीच्या चांगल्या स्नायूत घुसत होती. अर्धा तुकडा कॅन्सर आणि अर्धा राजश्रीची स्वतःची धडधाकट मांडी.

"चोरांबरोबर शेजारीही कोंडले मी खोलीत," त्या हळू म्हणाल्या. "आणि शेजाऱ्यांचाच आवाज मोठा." मग चष्मा काढला. "कुरिअर नाही, बेंगलोर नाही, तू नाहीस. मीच."

कॅन्सरचे डॉक्टर फोनवर चिडले. हा आजार आठवड्याआठवड्याला वाढतो, पुन्हा तपासणी करत बसलो तर मुलगी हातची जाईल असं म्हणाले. आणि एवढ्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट आहे, तुमचा तर स्वभावच संशयी, असंही म्हणाले. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला त्याची किंमत त्या दिवशी मोजावी लागली. खरा संशय आला तेव्हा तोही रोजचाच वाटला. शेवटी डॉक्टरांनी ठरवायचं ते घरच्यांवर सोडलं.

संध्याकाळी मॅडम मला घेऊन कट्ट्यावर गेल्या. ग्लास घेतला नाही. राजश्री तिथंच पायरीवर पाय लांब करून बसली होती. मल्लू चरवी उचलायला वाकला तर मॅडम म्हणाल्या, "दूध नको. ऐक. तुझ्या पोरीच्या तपासणीत माझ्या हातनं चूक झालीय." आणि सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, सोप्या शब्दांत. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, घरी जाऊन बोला की." त्यावर त्या म्हणाल्या, "त्याची चरवी रोज इथं उपडी करायला लावते. मग माझी घरात कशाला?"

मल्लू ताठ उभा राहिला. मग त्याचा आवाज फुटला. "रोज माझ्यावर संशय घेतलासा! सगळ्या गावादेखत! आन सोताच्या हाताकडं बघायला झालं न्हाय? माझी पोरगी हाय ती, मॅडम, दुधाची चरवी न्हाय!"

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याशी कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्यांची दया येत होती. मल्लूचीही येत होती. कुणाची जास्त ते आजही सांगता येणार नाही.

"आता काय करायचं म्हंता?" मल्लूनं विचारलं.

मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या. ठरलेलं औषध सोमवारी सुरू करायचं, ते लागू पडेल याची खात्री नाही. किंवा नीट तुकडा पाठवून थांबायचं, तोपर्यंत गाठ वाढेल. "मी थांब म्हणेन. पण माझं ऐकायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

मल्लू काही बोलायच्या आत राजश्री बोलली. "आण्णा, गडहिंग्लजला जायचं आन लौकर सुटती म्हणून राधानगरीच्या गाडीत बसायचं व्हय? थांबूया की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सगळ्या तुकड्यांच्या काचा टेबलावर मांडल्या. मेलेल्या पेशींच्या मधे जिवंत कॅन्सरची एक छोटी बेटासारखी जागा सापडली. तिच्याभोवती त्यांनी गोल काढला आणि काच माझ्यापुढं सरकवली. "नीट बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस." मी बघितलं. एका बाजूला गोल थोडा बाहेर गेला होता. तसं सांगितल्यावर त्यांनी तो पुसला आणि पुन्हा काढला. नंबर आम्ही दोघींनी वाचले, इतक्या मोठ्यानं की बाहेर बसलेल्या पेशंटनी डोकावून बघितलं.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मॅडम जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. फोन वाजला की दचकायच्या. थांबायला सांगितलं तेही चुकलं असेल तर, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

दुसरा रिपोर्ट वेगळा आला. स्नायूची जीन्स गप्प होती आणि भलतीच कुठली तरी आरडाओरडा करत होती. दोन जीन्स चुकीच्या जागी एकमेकांना चिकटल्यामुळे होणारा, फारच विरळा आणि आडमुठा सार्कोमा होता तो. बातमी चांगली नव्हतीच, पण खरी होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आपणहून फोन केला. "मॅडम, मी औषधं बदलतोय."

"कशावरून?" मॅडमच्या तोंडून सवयीनं निघालं.

"तुमच्यावरून," डॉक्टर म्हणाले.

नव्या औषधानं गाठ आक्रसली. मग ऑपरेशन झालं. मांडीचा बराच स्नायू गेला पण पाय राहिला. राजश्रीचे केस गेले, वजन गेलं, आणि ती लंगडत चालायला लागली. बरी झाली असं मॅडमनी कधीही म्हटलं नाही. आणि त्या काळात त्या कट्ट्यावर एकदाही गेल्या नाहीत. संध्याकाळ झाली की खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायच्या. मी चला म्हणाले तर म्हणायच्या, "कुठल्या तोंडानं?"

पुढं डोळे साथ देईनात तेव्हा त्यांनी लॅब दुसऱ्यांना सोपवली आणि त्या गडहिंग्लजला बहिणीकडे राहायला गेल्या. आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला की पॅथॉलॉजिस्टनं घरी बसावं, एवढंच कारण त्यांनी दिलं. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या भाच्याचा फोन आला, मावशी गेली. मी म्हणाले, "कशावरून?" तो बिचारा गोंधळला. मी फोन तसाच धरून रडत बसले.

पण मला त्या आठवतात त्या कोल्हापुरातल्या त्यांच्या शेवटच्या संध्याकाळच्या. सामान बांधून झालं होतं. त्या अचानक म्हणाल्या, "सुरेखा, कट्ट्यावर येतेस?"

मल्लूनं लांबूनच बघितलं आणि काही न बोलता स्टूल पुढं सरकवलं. राजश्री बादलीशेजारी बसून ग्लास विसळत होती. डोक्यावर पोरासारखे बारीक केस आले होते.

"काय म्हणतात डॉक्टर?" मॅडमनी विचारलं.

"स्वच्छ हाय म्हणालेत."

"कशावरून?"

"फोटोवरनं," राजश्री हसली. "परत काढायचा हाय. सारखा काढायचा. तुमच्यागत हायत ते बी, त्यांचा कशावरच इस्वास न्हाय."

मल्लू चरवी घेऊन म्हशीजवळ बसला. मॅडमनी हात वर केला. "उपडी करू नको मल्लू. राहू दे आता."

मल्लूचा हात थांबला. त्यानं वर बघितलं आणि मान हलवली. मग उठला, चरवी घेऊन मॅडमच्या समोर येऊन उभा राहिला.

"न्हाय अक्का," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं त्यांना पहिल्यांदा अक्का म्हटलं. "माझ्यावर बी इस्वास ठेवू नगा. बघा."

त्यानं चरवी उपडी केली आणि तळावर थाप मारली. एक थेंबही पडला नाही. मग सुलटी करून त्यांच्यापुढं धरली. मॅडमनी चष्मा पुसला, खिशातलं भिंग काढलं आणि वाकून चरवीत बघितलं. किती तरी वेळ बघत राहिल्या. कट्ट्यावर कुणी हसलं नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "काढ धार."